मुकुंदच्या मापाचं हँडल

नागपूर

दातांच्या डॉक्टरने मोटरसायकल चालवावी की नाही, याबद्दल कुठल्याच शास्त्रात काही लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तरी मी वाचलं नसतं. कराडच्या माझ्या दवाखान्यात मी दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघतो आणि सुट्टी मिळाली की गाडीच्या टाकीवर वाकतो. रजा कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे माझ्या मानेला बिचारीला कळतही नसेल.

गाडी घेतली तेव्हा पन्नाशी उलटली होती, म्हणून मुद्दाम तरुण पोरं घेतात तसली घेतली. हँडल खाली, लांब पुढे आणि काठीसारखं सरळ. शोरूमच्या काचेत त्यावर वाकलेला मी मला फार बरा दिसलो होतो. वैजू, म्हणजे माझी बायको, त्या दिवशी एकदा बसून बघायला गेली. तिचे हात मुठींपर्यंत पोचेनात, आणि पोचवले की ती टाकीवर पालथी पडायची. "ही काही माझ्या हातात येत नाही बाबा," म्हणून ती उतरली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. तेव्हापासून कन्याकुमारी, हंपी, कच्छ, सगळं तिने मागे बसूनच केलं. प्रत्येक प्रवासानंतर मी त्याचं वर्णन लिहितो आणि मित्रमंडळी ते वाचून "आपणही जायला पाहिजे" म्हणतात आणि जात नाहीत. हेही त्यातलंच एक समजा.

या वेळचा बेत वैजूचा होता. रायपूर तिचं माहेर. तिथून खाली बस्तरात उतरलं की चित्रकोटचा धबधबा. लहानपणी वडिलांनी तिला आणि धाकट्या मुकुंदला स्कूटरवरून तिकडे न्यायला काढलं होतं. केशकालच्या घाटात स्कूटर जी बंद पडली ती काही चालू होईना. शेवटी स्कूटरसकट सगळे एका ट्रकमधून परत आले. चित्रकोट राहिला तो राहिलाच. "बसने जाऊन येऊ की एकदा," असं मी मागे म्हणालो होतो. "बसने जायचं असतं तर कॉलेजच्या ट्रिपमध्येच गेले असते. मला तो घाट दुचाकीवरून चढायचाय," ती म्हणाली. त्यानंतर मी बसचं नाव काढलं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी धबधबा भरलेला असतो म्हणून आम्ही सप्टेंबरात निघालो. अकोला मागे पडलं आणि माझ्या उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या आल्या. मग शेजारच्या बोटाला. अमरावतीला दोन्ही बोटं बधिर झाली. माझा धंदा लोकांना भूल द्यायचा, आणि इथे मलाच कोणी न विचारता भूल दिली होती. नागपूरच्या लॉजमध्ये मी चहाचा कप डाव्या हाताने उचलला तेव्हा वैजूने ते पाहिलं. उजव्या हाताच्या बोटांवर आमचं घर चालतं. त्या बोटांनी मी लोकांच्या दातांच्या मुळात सुई घालतो.

तिथेच ठरलं. रायपूरला गाडीचं हँडल बदलून बघायचं, उंच आणि मागे ओढलेलं, म्हणजे ताठ बसता येईल. जमलं तर पुढे जायचं. नाही जमलं तर गाडी रायपूर स्टेशनवरून पार्सलने घरी आणि घरी पोचली की विकायची. "ठीक आहे," वैजू म्हणाली आणि कपडे वाळत घालायला उठली. तिचं असलं "ठीक आहे" मला ओळखता येतं, आणि त्या दिवशी मी इतका दमलो होतो की ओळखूनही गप्प बसलो.

चौबे कॉलोनी

भंडारा, देवरी, मग जंगल, मग राज्याची हद्द. दुर्ग-भिलाईच्या ट्रकांमधून वाट काढत चौबे कॉलोनीत पोचलो तेव्हा माझी मान कासवासारखी आत गेली होती. दारात मुकुंद, त्याची बायको अर्चना आणि कॉलेजात शिकणारी मुलगी गार्गी उभे होते. वहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मला फक्त आडवं व्हायचं होतं.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आला आणि परत जायचं राहून गेलं. इतक्या पिढ्यांत भाषेत हिंदी मिसळली, जेवणात छत्तीसगड आला, पण जावयाच्या बाबतीत मात्र हे लोक अजून भोसल्यांच्या काळातच आहेत. आमच्या कराडकडे जावई आला की पहिल्या दिवशी चहा-पोहे, दुसऱ्या दिवशी "येताना दूध घेऊन या". इथे जावयाने काडी इकडची तिकडे करायची नाही. आपलं पाण्याचं भांडंसुद्धा आपण उचलायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम असा की जावयाने दुसऱ्याच्या दुकानात, ओट्यावर, बाकड्यावर कामासाठी ताटकळत बसायचं नाही. तसा तो कोणाला दिसला तर घराचं नाक गेलं.

एरवी मला अरेतुरे करणारी वैजूही माहेरचा उंबरा ओलांडला की "अहो" म्हणायला लागते, आणि तिची बोली आतून बाहेर येते. "मुकुंद, मले आधी चहा दे रे बापा," असं म्हणत ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि जमिनीवर बसली. बहीण-भाऊ शेजारी बसले की एका साच्यातून काढलेले वाटतात. दोघंही बुटके, खांदे रुंद, हात आखूड. शाळेत असताना दोघांना मिळून एकच स्वेटर होता, असं वहिनी हसून सांगत होत्या. मी मात्र ताडमाड. या घरातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीला माझं कपाळ माहीत आहे.

जेवायला फरा होता, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या, वरून तीळ-मिरचीची फोडणी. त्याच्या जोडीला आमच्या ओळखीचं पिठलं, शेवग्याची भाजी आणि दुबराज तांदळाचा भात, ज्याचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो. डाव्या हाताने जेवावं तर वहिनींना काय वाटेल, म्हणून मी उजव्याच हाताच्या तीन बोटांनी जेवलो. वाढणं थांबेना.

"भाऊजी, अजून एक घ्या न."

"वहिनी, पुरे."

"पुरे कसं? तुम्ही काही खाऊनच नाही राहिले."

मला रडू यायचं बाकी होतं. थकलेल्या माणसाला आग्रहासारखी दुसरी शिक्षा नाही.

समता कॉलोनी

दुसऱ्या दिवशी सकाळी समता कॉलोनीतल्या एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे जायचं ठरलं. मुकुंदने तिथेही माझ्याऐवजी स्वतः जायची तयारी दाखवली.

"भाऊजी, तुम्ही काहून जाता उन्हात? मी जाऊन सांगतो न सगळं."

"अरे, मान माझी आहे."

"हव, ते पण आहे," तो नाइलाजाने म्हणाला. शेवटी त्याने बाईंना फोन करून अशी वेळ घेतली की मला बाकड्यावर थांबावं लागू नये.

बाईंनी मान दाबली, कोपर दाबलं, करंगळीला टाचणी टोचली. मग मला खुर्चीवर उलटं बसवून गाडी चालवतो तसं वाकायला सांगितलं. मी वाकलो. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आप पेशंट देखते समय भी ऐसे ही बैठते हैं?" मी हो म्हणालो. त्यांनी स्वच्छ सांगितलं की नस दोन ठिकाणी दबते आहे, मानेत आणि तळहाताच्या कडेला. दवाखाना बंद करता येत नसेल तर निदान गाडीवर तरी ताठ बसा, कोपरं सैल ठेवा, मनगटावर भार देऊ नका. नवीन हँडल लावून जवळपास फिरून बघा. तरीही बोटं बधिर झाली तर गाडी सोडा. मला धीर देणारं काहीतरी त्या बोलतील म्हणून मी थांबलो, पण त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बीरगांवला मुकुंदच्या ओळखीचा एक मिस्त्री होता, खेमलाल. मुकुंद उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला, त्यामुळे शेजारच्या बीरगांवात त्याच्या ओळखी पुष्कळ. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघं गाडी घेऊन जाऊ, मी स्वतः बसून माप देईन, असं मी त्याला बजावून सांगितलं. तो "हव, हव" म्हणाला. रात्री पुन्हा तेच आग्रहाचं जेवण झालं. सकाळी मला जाग आली तेव्हा ऊन खिडकीच्या आत आलेलं होतं आणि दारात गाडी नव्हती.

मी फोन केला. मागून कारखान्याचा भोंगा, ट्रकांचे हॉर्न आणि हातोडीचा आवाज.

"मुकुंद, आपलं ठरलं होतं ना?"

"भाऊजी, तुम्ही झोपून होते. ताईनं म्हटलं उठवू नको. अन् तुम्ही काय त्या धुळीत स्टुलावर बसाल का? मी आहे न."

"पण माप?"

"ते झालं न. मी स्वतः बसून पाहिलं. एकदम राजा वाटते, भाऊजी!"

मी वैजूकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. दोघांच्याही डोक्यात तेव्हा एकच गोष्ट आली असणार, पण तिने मान खाली घातली.

संध्याकाळी गाडी आली. दिसायला सुरेख होती. चकचकीत, शिंगांसारखं वर उठून मागे वळलेलं हँडल, त्याबरोबर नव्या लांब केबली, नव्या मुठी. मी बसलो. मुठी जवळजवळ माझ्या पोटाशी आल्या होत्या. माझी कोपरं दोन्ही बाजूंना कोंबडीच्या पंखांसारखी बाहेर आली आणि खांदे कानांपर्यंत चढले. गल्लीच्या वळणावर हँडल वळवलं तर मूठ सरळ गुडघ्यावर आपटली. मी कसाबसा पाय टेकवला, पण समोरच्या घराबाहेरच्या कुंड्यांपैकी एक गेलीच. कोपऱ्यापर्यंत जाऊन येईतो करंगळीत मुंग्या सुरू झाल्या होत्या.

"थोडं फिरवता येईल," मुकुंद चाचरत म्हणाला.

फिरवून काही होण्यासारखं नव्हतं. वाक लोखंडातच होता, आणि हँडल रुंद वाटतं म्हणून त्याने दोन्ही टोकं कापून आणली होती. काम उत्तमच झालं होतं, फक्त ते मुकुंदच्या हातांना झालं होतं. तो एकदा बसून फिरून आला तेव्हा खरंच एखाद्या संस्थानिकासारखा दिसत होता.

मी वर जाऊन पडलो. खालून गार्गीचा आवाज आला, "मम्मी, फूफाजी नाराज हो गए." फुफा म्हणजे आत्याचा नवरा, आणि इकडच्या लग्नकार्यांत फुफा म्हटला की तो रुसणारच, असं सगळे धरूनच चालतात. आपण आता तेच झालो, हे कळूनही मला उठावंसं वाटेना. मला राग मुकुंदचा नव्हताच, त्याच्या प्रेमाचा आला होता, आणि तो सांगायचा कोणाला?

वैजू वर आली. दार लोटून घेतल्यावर ती पुन्हा "तू"वर आली.

"उद्या जाऊन दुसरं बसवून घेऊ. तू स्वतः बस."

"उद्या विश्वकर्मा पूजा आहे," मी म्हणालो. मुकुंदनेच सांगितलं होतं की त्या दिवशी बीरगांवात कोणी पान्याला हात लावत नाही. परवा विसर्जन. तेरवापर्यंत थांबलं तर पुढे जायला दिवसच उरत नव्हते, कराडला पेशंट खोळंबले होते. "संपलं, वैजू. गाडी पार्सल करू."

"आधी विचारून तर पाहू," ती म्हणाली. तिच्या आवाजात हट्ट नव्हता आणि त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

बीरगांव

मुकुंदला हे मुळीच पटलं नव्हतं. जावई, तोही सणाच्या दिवशी, गॅरेजात! पण ताईपुढे त्याचं काही चालेना. माझी गाडी मुकुंदने चालवली, कारण ती फक्त त्यालाच चालवता येत होती. मी माझ्याच गाडीवर त्याच्या मागे बसलो आणि वैजू त्याच्या स्कूटरवर आली. रस्त्यावर कोळशाचे आणि लोखंडाचे डंपर. बीरगांव जवळ आलं तशी झाडांची पानं काळी दिसायला लागली. रुमालाने नाक पुसलं तर रुमालही काळा. अशा जागी लोक रोज श्वास घेतात, हे डॉक्टर म्हणून मला पुस्तकातून माहीत होतं.

पण त्या दिवशी भोंगे बंद होते. जिथे तिथे मांडव, विश्वकर्म्याच्या मूर्ती, ध्वनिक्षेपकावर भजनं, आणि काल ज्या हातांवर ग्रीस होतं त्या हातांत बुंदीची पातेली. कारखान्यांच्या फाटकांवर झेंडूची तोरणं होती. क्रेनलासुद्धा हार घातला होता. आमच्याकडे दसऱ्याला आपण पुस्तकं, विळी, गाडी पुजतो आणि दुपारी तीच गाडी घेऊन सोनं वाटायला निघतो. इथे अवजाराला खरंच सुट्टी देतात.

खेमलालचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड. आत चादर अंथरून पाने, स्क्रूड्रायव्हर, हातोड्या, हवेचा पंप सगळं धुऊन मांडलं होतं. प्रत्येकावर हळद-कुंकवाचं बोट. त्या रांगेच्या शेवटी माझं जुनं हँडल होतं. त्यालाही कुंकू लावून त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवलेलं. इतकी वर्षं मी ज्याच्यावर वाकलो त्याला शेवटी कोणीतरी फूल वाहिलं.

खेमलाल चाळिशीचा, बारीक, नवा पांढरा शर्ट घातलेला. मी हात जोडले.

"भैया, बस जुनं हँडल परत लावून द्या. थोडंच काम आहे."

"आज नहीं होगा साहब. आज औजार आराम करते हैं." त्याने माझ्या हातात बुंदीचा द्रोण ठेवला. "परसों आ जाइए."

"परवा आम्ही इथे नसू."

"फिर क्या करें, बताइए." त्याच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. त्याने मला गाडीवर बसायला सांगितलं, माझी कोपरं बघितली, मग मुकुंदकडे वळला. "भैया, आपने कहा गाड़ी मेरे नाप से बना दो. मैंने तो जो बैठा उसी का नाप लिया. आँख बंद करवाई, हाथ आगे करवाए, जहाँ हाथ गिरे वहीं मूठ रखी."

"हव," मुकुंद म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "भाऊजीले इथं बसवून ठेवायचं म्हणजे कसं... मले वाटलं, माणूस तो माणूस, हात ते हात."

मी हसायला हवं होतं, पण त्राण नव्हतं. "असू दे रे," म्हणालो. "पार्सलचं बघ आता." तो मान हलवून स्टेशनवरच्या कुणाला तरी फोन लावायला शेडबाहेर गेला. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. जावई दुसऱ्याच्या दुकानात बसला होता आणि घराचं नाक कुठे गेलं ते बघायला कोणालाच सवड नव्हती. उजव्या हाताच्या बोटांत द्रोण धरवत नव्हता, म्हणून तो मांडीवर ठेवला. गाडी विकायची, या कल्पनेने वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात फक्त झोप येत होती.

दुसरी खुर्ची नव्हती म्हणून वैजू गाडीवर टेकली होती. बुंदी खाऊन तिने ओढणीला हात पुसले आणि एक पाय पलीकडे टाकून नीट बसली. मग, मला वाटतं केवळ गंमत म्हणून, खेमलालने सांगितलं होतं तसे तिने डोळे मिटले आणि हात पुढे केले.

ते मुठींवर पडले.

तिने डोळे उघडून हातांकडे बघितलं. पाठ ताठ, खांदे खाली, कोपरं सैल. समता कॉलोनीतल्या बाईंनी मला जे करायला सांगितलं होतं ते सगळं तिने न शिकता केलं होतं. तिने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं. ते कुठेही आपटलं नाही.

"हव," खेमलाल म्हणाला. "ये तो दीदी की गाड़ी है."

मुकुंद फोन कानाला तसाच धरून दारात उभा राहिला. "ताई? तू?"

"काहून? बाबांनी नंतर घेतलेली मोटरसायकल तुले कोणी शिकवली होती? विसरला का रे?"

हे मलाही माहीत होतं. लग्नाआधी रायपूरच्या रस्त्यांवर ती गिअरची गाडी चालवायची, लायसन्सही गिअरचंच, आणि कराडला रोज स्कूटर. पण या गाडीला तिचे हात पोचत नव्हते एवढंच मी लक्षात ठेवलं होतं. तिने किल्ली फिरवली, शेडसमोरच्या मोकळ्या जागेत एक फेरी मारली, मग दुसरी. पहिल्या फेरीत गिअर बदलताना गाडीने गचका खाल्ला. तिसऱ्या फेरीला ती रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. माझ्यासमोर थांबून तिने पाय टेकले. चेहरा लाल झाला होता.

"अहो," ती म्हणाली. भावासमोर होती म्हणून "अहो". "तुम्ही मागे बसाल का?"

माझ्याआधी मुकुंदच बोलला. "ताई, काहीतरीच! जवाई मागे बसून जाईन आपल्या दारातून? पारा-मोहल्ल्यात लोक काय म्हणतील?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. गाडी माझी. पण बोटं बधिर होती, मान जळत होती, आणि ती हँडलवरचे हात न काढता थांबली होती. तिथे थांबलेली वैजू बघून मला पहिल्यांदा लख्ख कळलं की चित्रकोटला मी तिला घेऊन जात नव्हतो, तीच जात होती.

"मुकुंद," मी म्हणालो, "या घरात जावयाने काही काम करायचं नाही, असा नियम आहे ना?"

"हव."

"मग मी करत नाही."

तो इतका मोठ्याने हसला की शेजारच्या मांडवातले लोक वळून बघायला लागले. खेमलालने गाडीच्या टाकीवर कुंकवाचं बोट ओढलं, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला आणि एक तुकडा वैजूच्या हातात दिला.

केशकाल

सकाळी वहिनींनी ओवाळलं ते वैजूला. मुकुंदने शेवटपर्यंत मला एक उशी मागच्या सीटवर बांधून द्यायचा प्रयत्न केला. कॉलोनीतल्या दोन-तीन खिडक्या उघडल्याच. मी त्यांना हात केला.

मागच्या सीटवर बसणं ही एक विद्या आहे हे मला माहीत नव्हतं. हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. ब्रेक लागला की हेल्मेट पुढच्या हेल्मेटवर आपटतं. समोरून डंपर आला की माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. धमतरीपर्यंत मी तिला "डावीकडून घे", "हॉर्न दे", "तो बघ बैल" असं सांगत होतो. धमतरीला चहाला थांबल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तू बोलत राहिलास तर मी तुला इथे बसमध्ये बसवीन." त्यानंतर कांकेरपर्यंत मी तोंड उघडलं नाही. आजूबाजूला हिरवीगार भाताची खाचरं असणार. वास येत होता.

दुपारी केशकालचा घाट सुरू झाला. पाऊस पडून गेला होता, रस्ता ओला आणि ट्रकांच्या चाकांनी फुटलेला. पहिल्याच वळणाला चढावर एक ट्रक अडकलेला होता. वैजूने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. तिच्या खांद्यांवरून मला कळत होतं की ती घाबरली आहे. दुसरं वळण, तिसरं. वळणं संपतच नव्हती. एका ठिकाणी मागचं चाक चिखलात सरकलं, तिने ते सावरलं, आणि मी नकळत तिचा खांदा धरला. हात उजवा होता. बोटांना तिच्या जॅकेटची शिवण लागली.

घाट चढून आल्यावर तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हेल्मेट काढलं. खाली सगळा घाट धुक्यात होता. तिच्या वडिलांची स्कूटर नेमकी कुठल्या वळणाला बंद पडली होती, ते तिला आता आठवत नव्हतं. तिने मुकुंदला फोन लावला आणि "चढलो रे," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ ती नाक पुसत राहिली. मी पाण्याची बाटली धरून उभा होतो.

"मागून कसं दिसतं?" तिने विचारलं.

"तुझी पाठ दिसते."

"हं," ती म्हणाली. "मी तीच बघत कन्याकुमारीपर्यंत जाऊन आले."

ती चिडून म्हणाली नव्हती. बाटलीतलं पाणी प्यायली, हेल्मेट घातलं आणि "चल, बस" म्हणाली.

जगदलपूरला मुक्काम करून चित्रकोट आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. तांबडं पाणी, मोठा आवाज, अंगावर येणारे तुषार. वैजू कठड्याशी उभी राहून बघत होती आणि अधूनमधून मागे वळून गाडी जागेवर आहे ना ते पाहत होती. परत नागपूरपर्यंत तिनेच आणली आणि तिथून आम्ही गाडीसह रेल्वेने घरी आलो. दोघंही इतके दमलो होतो की सगळा प्रवास झोपून काढला.

बोटं आता पुष्कळ बरी आहेत. गाडी विकलेली नाही. जुनं हँडल खेमलालकडेच आहे, मुकुंद दर फोनला विचारतो की पाठवून देऊ का, आणि मी नको म्हणतो. दरवेळेस मी रस्त्याचं वर्णन सविस्तर लिहितो, खड्डे कुठे, वळणं कशी, पेट्रोल पंप कुठे. धमतरी ते जगदलपूर हा रस्ता कसा आहे, हे ज्यांना जायचं असेल त्यांनी वैजूला विचारावं. मला तिची पाठ दिसत होती.